गोळीतून वाचलेला शास्त्रज्ञ आणि दीड मीटरचा कोलायडर: ब्रुनो टाउशेकची गोष्ट

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर २७ किलोमीटर घेराचा आहे, हे तुम्ही रील्समध्ये किंवा यूट्यूबवर कधीतरी ऐकलं असेलच. आता तिथले शास्त्रज्ञ म्हणतायत, हा पुरत नाही, आम्हाला ९१ किलोमीटरचा हवा. खर्च किती? पहिल्या टप्प्यालाच अंदाजे १५ अब्ज स्विस फ्रँक. एवढ्या पैशांत नेमकं काय मिळणार यावर जगभर वाद चालू आहे. वाद कळायचा असेल तर एका माणसाला भेटावं लागेल. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलटा जुळा भाऊ पॉझिट्रॉन यांची समोरासमोर टक्कर लावणारं जगातलं पहिलं यंत्र या माणसाच्या डोक्यातून निघालं. त्या यंत्राचा व्यास होता साधारण दीड मीटर. तुमच्या खोलीत मावलं असतं.

माणसाचं नाव ब्रुनो टाउशेक. फिजिक्सवाल्यांना हे नाव रोजचं, बाकीच्यांना जवळपास माहीतच नाही.

ब्रुनोचा जन्म ३ फेब्रुवारी १९२१ चा, व्हिएन्नाचा. वडील ऑस्ट्रियन सैन्यात अधिकारी, आई ज्यू घराण्यातली. आई तो लहान असतानाच गेली. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि आईकडचं रक्त मुलाच्या आड आलं. त्याला शाळा सोडावी लागली, शेवटची परीक्षा बाहेरून द्यावी लागली. पुढे व्हिएन्ना विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण १९४० मध्ये वंशाच्या कायद्यांखाली तिथूनही काढलं. पोरगं हुशार होतं, हे काही प्राध्यापकांना दिसत होतं. त्यांनी त्याला ग्रंथालयातली पुस्तकं गुपचूप पुरवली आणि म्युनिकच्या आर्नोल्ड सोमरफेल्डशी ओळख करून दिली. सोमरफेल्ड म्हणजे त्या काळचा अणुविज्ञानातला बाप माणूस.

मग सल्ला मिळाला की जिथे तुला कुणी ओळखत नाही तिथे जा. म्हणून तो जर्मनीतच गेला, हॅम्बर्ग आणि बर्लिनला! ऐकायला विचित्र वाटतं, पण मोठ्या शहरात हरवून जाणं सोपं होतं. वर्गात नाव न नोंदवता बसायचं आणि पोटासाठी मिळेल ते काम करायचं, असं चाललं होतं. बर्लिनमध्ये काम करताना त्याच्या हाती रॉल्फ विडेरो या नॉर्वेच्या इंजिनिअरचा एक लेख आला. विषय होता बीटाट्रॉन, म्हणजे चुंबकाच्या मदतीने इलेक्ट्रॉनला गोल गोल फिरवत वेग देणारं यंत्र. ब्रुनोला त्यातल्या गणितात चूक सापडली. त्याने थेट विडेरोला पत्र लिहिलं. विडेरोने राग न मानता पोराला कामावरच घेतलं.

आता यातली गंमत बघा. हॅम्बर्गमधलं हे बीटाट्रॉन जर्मन हवाई दलाच्या पैशाने बनत होतं. क्ष-किरणांनी शत्रूची विमानं पाडता येतील, अशी काही लोकांना आशा होती, जी शास्त्राच्या दृष्टीने वेडगळच होती. म्हणजे ज्याला विद्यापीठात बसायची परवानगी नाही, तोच अर्धा ज्यू मुलगा नाझी सरकारच्या गुप्त प्रकल्पाचं गणित सोडवत होता.

याच काळात, १९४३ मध्ये, विडेरोला एक कल्पना सुचली. चेंडू भिंतीवर आपटण्यापेक्षा दोन चेंडू एकमेकांवर आपटले तर? त्याने पेटंटचा अर्ज केला. ब्रुनोला हे फारसं आवडलं नाही. एवढ्या उघड गोष्टीचं कसलं पेटंट, असं त्याचं मत होतं. पण गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली असणार, कारण १७ वर्षांनी तिने डोकं वर काढलं.

१९४५ च्या सुरुवातीला गेस्टापोने ब्रुनोला पकडलं आणि हॅम्बर्गच्या फुल्सब्युटेल तुरुंगात टाकलं. विडेरो त्याला भेटायला जायचा. जाताना खायला, सिगारेटी आणि हाइटलरचं क्वांटम सिद्धांतावरचं जाडजूड पुस्तक न्यायचा. म्हणतात की ब्रुनोने त्या पुस्तकाच्या समासात अदृश्य शाईने एक गणित मांडलं: फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश बाहेर टाकत राहतो, त्याचा त्याच्या फिरण्यावर काय परिणाम होतो? हे गणित लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

युद्ध संपत आलं तसं कैद्यांना हॅम्बर्गहून कीलकडे पायी हाकलण्यात आलं. ब्रुनो आजारी होता, अंगात ताप, आणि हा गडी पाठीवर पुस्तकांचं गाठोडं घेऊन चालत होता. वाटेत तो कोसळला. पहारेकऱ्याने त्याच्या डोक्याच्या दिशेने गोळी झाडली. गोळी डाव्या कानाजवळून गेली, रक्त वाहिलं, आणि तो मेला असं समजून त्याला रस्त्याकडेच्या गटारात सोडून बाकीचे पुढे गेले. तो वाचला. दवाखान्यात पोचला, तिथून पुन्हा तुरुंगात गेला आणि मग ब्रिटिश आल्यावर सुटला. तेव्हा त्याचं वय होतं २४.

पुढची काही वर्षं पटकन सांगतो. गॉटिंगेनला पदवी, प्रबंधाचा विषय अर्थातच बीटाट्रॉन. मग ग्लासगोत डॉक्टरेट आणि शिकवणं. १९५२ मध्ये रोम. मावशी रोममध्ये होती, तिचं नाव आडा. इटलीचं ऊन, मोटरसायकल, मित्र, वाईन, सगळंच त्याला मानवलं. मीटिंगमध्ये बसून सहकाऱ्यांची व्यंगचित्रं काढायची सवय होती. त्यातली बरीच चित्रं आजही जपलेली आहेत आणि खरंच भारी आहेत. १९५५ मध्ये लग्न झालं, पुढे दोन मुलं झाली.

तो होता थिअरीवाला. यंत्र बांधणं हे त्याचं काम नव्हतं. पण १९५९ मध्ये रोमजवळच्या फ्रास्काती प्रयोगशाळेत अमेरिकेचा वोल्फगांग पॅनॉफ्स्की भाषणाला आला. स्टॅनफर्डमध्ये दोन गोल कड्या शेजारी शेजारी बांधून, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या, दोन्हींत इलेक्ट्रॉन फिरवायचे आणि कड्या जिथे चिकटतात तिथे टक्कर लावायची, अशी योजना त्याने सांगितली. टाउशेकच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरलं. इलेक्ट्रॉनवर इलेक्ट्रॉन कशाला आपटायचा? इलेक्ट्रॉनवर पॉझिट्रॉन का नाही?

हे समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

उभ्या ट्रकवर दुसरा ट्रक आदळला तर बरीचशी ताकद दोन्ही ट्रक पुढे ढकलण्यात जाते. समोरासमोर धडक झाली तर सगळी ताकद चुराडा करण्यात जाते. प्रकाशाच्या वेगाजवळ हा फरक भयंकर वाढतो. २५० मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन एका स्थिर इलेक्ट्रॉनवर आदळला, तर नवं काही घडवायला हाती उरतात फक्त १६. तशाच दोघांना समोरासमोर आपटलं तर पूर्ण ५०० मिळतात. स्थिर निशाण्यावर मारून तेवढेच ५०० मिळवायचे, तर इलेक्ट्रॉनला जवळपास हजारपट ऊर्जा द्यावी लागेल. (हा जुना डबा टीव्ही असायचा ना, त्याच्या नळीतला इलेक्ट्रॉन वीसेक हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा. मेगा म्हणजे दहा लाख. त्यावरून अंदाज घ्या.)

आणि पॉझिट्रॉनच का? त्याचं वजन इलेक्ट्रॉनएवढंच, विद्युतभार मात्र उलटा. त्यामुळे जे चुंबक इलेक्ट्रॉनला घड्याळाच्या दिशेने वळवतं, तेच पॉझिट्रॉनला उलट दिशेने, त्याच वाटेवर वळवतं. दोन कड्या लागतच नाहीत, एकीत काम भागतं. शिवाय ही जोडी भेटली की एकमेकांना पूर्ण संपवते आणि उरते निव्वळ ऊर्जा, जिच्यातून कुठलाही नवा कण जन्मू शकतो. आधीचा कचरा शून्य.

फेब्रुवारी १९६० मध्ये त्याने फ्रास्कातीत हा प्रस्ताव मांडला. तिथला मोठा सिंक्रोट्रॉन नुकताच चालू झाला होता, आणि टाउशेकचं म्हणणं, त्यालाच कोलायडर बनवा! साहजिकच कुणी ते मान्य केलं नाही. पण छोटं वेगळं यंत्र बनवायला होकार मिळाला. ७ मार्चला त्याने सविस्तर भाषण दिलं, आणि २७ फेब्रुवारी १९६१ ला नव्या कडीत पहिले इलेक्ट्रॉन फिरत राहिले. वर्षसुद्धा लागलं नाही. आजच्या प्रकल्पांचे कागद हलायलासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे माझं वैयक्तिक रडगाणं.

यंत्राचं नाव आडा. इटालियनमध्ये साठवण कडी या शब्दांची ती आद्याक्षरं, आणि मावशीचं नावही तेच. सोबत होते कार्लो बर्नार्दिनी, जियोर्जियो घिगो आणि निर्वात पोकळीचा जादूगार जियानफ्रान्को कोराझ्झा. कोराझ्झाचं काम सगळ्यात अवघड म्हणावं लागेल. इलेक्ट्रॉन तासन्‌तास फिरायचे, तर नळीतली हवा जवळजवळ पूर्ण काढायला हवी. नाहीतर हवेच्या रेणूंना धडकूनच ते संपतात. त्या काळात एवढी चांगली पोकळी एवढ्या मोठ्या भांड्यात करणं हीच एक बातमी होती.

पॉझिट्रॉन मिळवायची युक्तीही मजेशीर होती. गॅमा किरण कडीच्या आत एका पत्र्यावर मारायचे, त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या निघतात. एका बाजूने मारा केला की एक जात पकडली जाते. दुसरी पकडायला अख्खं यंत्र, चुंबकासकट, उलटं फिरवायचं! किती टन वजन, आणि ते तंदुरी कोंबडीसारखं गरागरा. पण उलटं केलं की आधी जमवलेले कण गायब व्हायला लागले. कारण निघालं धूळ. नळीत राहिलेले बारीक कण उलटं केल्यावर खाली पडायचे, थेट किरणाच्या वाटेत. मग उलटं करण्याची ती पद्धतच बदलावी लागली. हसू नका. आजच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्येसुद्धा धुळीचे कण किरणात पडतात आणि किरण बंद करावा लागतो. तिथले लोक गमतीने त्यांना उडत्या तबकड्यांचं नाव देतात.

फ्रास्कातीत कण फारच कमी मिळत होते. इतके कमी की कडीतून निघणारा प्रकाश यंत्राने मोजला की तो पायऱ्या उतरल्यासारखा कमी व्हायचा. एक पायरी म्हणजे एक इलेक्ट्रॉन गेला. एकेका इलेक्ट्रॉनचा प्रकाश दिसणं थोरच, पण टक्कर व्हायला एवढ्याने भागत नाही. पॅरिसजवळच्या ऑर्सेमध्ये ताकदवान सरळ रेषेतलं त्वरक यंत्र होतं. म्हणून जुलै १९६२ मध्ये आडाला ट्रकवर चढवून आल्प्सपलीकडे नेलं. वाटेत पोकळी बिघडू नये म्हणून पंप बॅटरीवर चालू ठेवले होते. निघण्याआधी टाउशेकने हट्ट धरला की ट्रक मी स्वतः चालवून बघणार, आणि दिव्याचा खांब पाडला. सीमेवर कस्टमवाल्यांना नळीच्या आत काय आहे ते बघायचं होतं. काहीच नाही हे उत्तर बरोबर होतं, पण त्यांना पटेना. वरून फोन फिरल्यावर सुटका झाली.

ऑर्सेत कण वाढले आणि नवंच संकट आलं. १९६३ च्या सुरुवातीला दिसलं की कडीत जेवढे जास्त इलेक्ट्रॉन भराल तेवढे ते लवकर मरतात. म्हणजे भरत राहिलं तरी एका मर्यादेपुढे साठा वाढतच नाही. टाउशेकने त्याच रात्री स्टेशनजवळच्या कॅफेत बसून कोडं सोडवलं. एकाच झुंडीतले इलेक्ट्रॉन एका दिशेने पळत असले तरी आडवेतिडवे थोडे हलत असतात. ते आपसात घासतात, आडव्या हालचालीतली ताकद पुढच्या दिशेला वळते, आणि वेगाच्या गणितात ती मोठी होऊन बसते. एक जरा जास्त पुढे, एक जरा जास्त मागे, दोघंही वाटेबाहेर. लोकलच्या गर्दीत दोघांनी एकमेकांना कोपर मारलं आणि दोघंही दारातून बाहेर पडले, तसं काहीसं. याला आज टाउशेक परिणाम म्हणतात.

हा शब्द इतिहासजमा झालेला नाही. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ नावाची इलेक्ट्रॉनची कडी आहे, २.५ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टची. अशा प्रत्येक कडीत किरण किती वेळ टिकेल याचा हिशोब करताना टाउशेकचं नाव घ्यावंच लागतं. जपानच्या सुकुबा शहरातल्या सुपरकेईकेबी कोलायडरमध्ये किरण इतका बारीक दाबतात की हा परिणाम मोठी डोकेदुखी ठरतो. टकरी वाढवायच्या तर झुंड घट्ट हवी, आणि घट्ट झुंड आपसात भांडते. यातून पूर्ण सुटका नाही.

शेवटी १९६३-६४ मध्ये आडात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन खरोखर एकमेकांना धडकतायत याचा पुरावा मिळाला. नवीन कण वगैरे काही सापडला नाही, तेवढ्या टकरी होतच नव्हत्या. पण रस्ता उघडला.

पुढची कडी टाउशेकने आडा तयार व्हायच्या आधीच मागितली होती. तिचं नाव आदोने, म्हणजे मोठी आडा. घेर १०५ मीटर, एकूण ऊर्जा ३ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट, सुरुवात १९६९. ३ च का? १९६० मध्ये माहीत असलेल्या कणांच्या जोड्या त्यात बसत होत्या, म्हणून तो आकडा शहाणपणाचा होता. आणि इथेच नशिबाने दगा दिला. नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत दोन प्रयोगशाळांना एकाच वेळी एक नवा कण सापडला, जे-साय. त्याने चौथ्या क्वार्कचा पत्ता दिला आणि १९७६ चं नोबेल मिळवलं. त्याची जागा होती ३.१. आदोनेच्या मर्यादेपेक्षा जेमतेम ३ टक्के वर! फोन आल्यावर फ्रास्कातीवाल्यांनी यंत्र मर्यादेबाहेर ताणलं आणि काही दिवसांत त्यांनाही तो कण दिसला. कण तिथेच होता, पाच वर्षं. मला तरी ही गोष्ट वाचताना पोटात कालवतं.

टाउशेकला इटलीत पूर्ण प्राध्यापकपद मिळायला १९७८ उजाडलं, कारण तो परदेशी नागरिक होता. तोवर दारूने यकृत पोखरलं होतं. शेवटचं वर्ष तो सर्नमध्ये होता, प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन एकाच कडीत आपटायच्या योजनेत रमलेला. म्हणजे त्याचीच कल्पना, जड कणांसाठी. २५ मे १९७८ ला इन्सब्रुकमध्ये तो गेला. वय ५७. त्या योजनेतून १९८३ मध्ये डब्ल्यू आणि झेड हे कण सापडले. ते बघायला तो नव्हता.

आता ९१ किलोमीटरच्या कडीकडे या. तिचा पहिला टप्पा म्हणजे आडाचाच थेट वंशज, इलेक्ट्रॉन विरुद्ध पॉझिट्रॉन. ऊर्जा ९१ पासून ३६५ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत. २०१२ मध्ये सापडलेला हिग्स कण लाखोंच्या संख्येने, स्वच्छ परिस्थितीत बनवून त्याचं वागणं बारकाईने तपासायचं. कुठे थोडं जरी हिशोबाबाहेर गेलं, तर तिथून नव्या विज्ञानाचा धागा मिळेल.

घेर एवढा मोठा का? उत्तर टाउशेकच्या तुरुंगातल्या गणितात आहे. वळणारा इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतो आणि ऊर्जा गमावतो. ऊर्जा दुप्पट केली तर हे नुकसान १६ पट होतं. वळण जितकं रुंद तितकं नुकसान कमी, म्हणून किलोमीटरवर किलोमीटर लागतात. तरीही सर्वात वरच्या ऊर्जेला प्रत्येक इलेक्ट्रॉन एका फेरीत जवळपास १० गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट गमावेल, आणि ते सेकंदाला तीन हजारांहून जास्त वेळा परत भरत राहायचे. दोन्ही किरण मिळून १०० मेगावॉट फक्त प्रकाशात जाणार. गंमत म्हणजे हाच प्रकाश किरणाची धडपड शांत करतो, त्याच्याशिवाय कडीत कण नीट साठतच नाहीत. मित्र आणि शत्रू एकच.

प्रोटॉन जड, त्यामुळे तो असा प्रकाश फार कमी टाकतो. म्हणून त्याच बोगद्यात नंतर प्रोटॉन आपटायचे, लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या सहापट वगैरे ऊर्जेला, असा दुसरा टप्पा आहे. पण तिथे लागणारे चुंबक आजच्यापेक्षा जवळपास दुप्पट ताकदीचे हवेत. ज्या नायोबियम-टिनच्या तारेतून ते बनतील ती काचेसारखी ठिसूळ आहे. तो टप्पा १९७० नव्हे, २०७० च्या दशकातला. तुम्ही आज कॉलेजात असाल तर तेव्हा आजोबा किंवा आजी असाल. तिसरा पर्याय म्युऑनचा, इलेक्ट्रॉनचा २०७ पट जड भाऊ. त्याला प्रकाशाचं नुकसान जवळपास नाहीच. पण तो स्वतःच सेकंदाच्या २२ लाखांशांत मरतो... नाही, त्याहून कमी, दहा लाखांश सेकंदांचे फक्त २.२. तेवढ्यात त्याला पकडायचं, झुंड घट्ट करायची, वेग द्यायचा आणि आपटायचं.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे. हिग्ससाठी यंत्र बांधलं तेव्हा काहीतरी सापडणार याची जवळपास खात्री होती. आता तशी खात्री कुणीच देत नाही, मग एवढा पैसा का? मला हा मुद्दा खोटा वाटत नाही. पण आदोनेची गोष्ट दोन्ही बाजूंनी वाचता येते. माहीत असलेल्या गोष्टींवरून मर्यादा ठरवली आणि नवी गोष्ट ३ टक्के पलीकडे निघाली. आणि आडाची गोष्ट सांगते की कधीकधी आकार नाही, रीत बदलावी लागते. पुढचा टाउशेक कदाचित म्युऑनवाल्यांत असेल, कदाचित प्लाझ्मात इलेक्ट्रॉन पळवून काही मीटरमध्ये वेग देणाऱ्यांत. पण ती तंत्रं आज तयार नाहीत, आणि बोगदा खणायचा की नाही हे मात्र लवकर ठरवायचं आहे. सर्नच्या सदस्य देशांचा निर्णय २०२८ च्या सुमारास अपेक्षित आहे. तोवर फ्रास्कातीला गेलात तर आडा बघून या. तिथल्या आवारात ती अजून ठेवलेली आहे.